दुसऱ्या चहाची चूल

आधी माफी मागतो. व्यक्तिचित्र लिहावं एवढं माझं वाचनही नाही आणि वयही नाही. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे असं काही कसं लिहितात हे विचारायलाही घरात कुणी नाही. वार्षिक अंकासाठी सरांनी प्रत्येकाला एक व्यक्ती निवडायला सांगितली. वर्गातल्या मुलांनी शिक्षक निवडले, डॉक्टर निवडले, एकाने सैन्यातला मामा निवडला. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "आमच्या शेजारची तानीआत्या."

"त्यांनी काय केलं?" सरांनी विचारलं.

"परसात चूल घातली."

वर्ग हसला. सरही जरासे हसले, पण म्हणाले, "लिही." म्हणून लिहितो आहे. चुकलं तर ते माझं आहे, आत्याचं नाही.

तानीआत्या माझी आत्या नव्हे. ती रघुनाथकाकांची थोरली बहीण. लांज्याच्या पुढे, हायवे सोडून आत गेल्यावर आमची वाडी आहे, आणि वाडीत काकांचं घर आमच्या घराला लागून आहे. मध्ये फक्त कमरेएवढा दगडी गडगा. त्या गडग्यावरून आमच्याकडची आमटी तिकडे जाते आणि तिकडची भांडणं इकडे ऐकू येतात. तिचं लग्न झालं नाही. का झालं नाही, ते मला माहीत नाही आणि विचारायची माझी हिंमतही नाही. लग्न न झालेली बाई आमच्याकडे कुणाची काकी होत नाही, कुणाची वहिनी होत नाही. ती भावाच्या मुलांची आत्या होते, आणि मग हळूहळू साऱ्या वाडीची. तिच्याहून मोठी माणसंसुद्धा तिला आत्याच म्हणतात.

ती लांज्याच्या एका काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. काजूच्या टरफलाचा चीक हाताला लागला की कातडी काळी पडते. बाकीच्या बायका लग्नाकार्याला जाताना हाताला लिंबू चोळायच्या, पदराखाली बोटं लपवायच्या. आत्या नाही. एकदा एका लग्नात ती पंगतीत भात वाढत होती. वरपक्षाच्या बाईने तिच्या बोटांकडे पाहून विचारलं, "हात धुतलेत ना हो?"

"धुतलेत," आत्या म्हणाली. "हे धुतलेलेच हायत." आणि त्या बाईच्या पानात दुप्पट भात वाढून पुढे गेली.

तिच्याबद्दल लिहायचं तर तिच्या एका शब्दाबद्दल लिहायला हवं. तो शब्द म्हणजे "मग?" पुढे काय झालं, असं विचारणारं हे 'मग' नव्हे. समोरचा बोलत असताना त्याला तिथंच उभं करणारं. "आत्या, बायका असं करत नाहीत." "मग?" "आत्या, लोक काय म्हणतील?" "मग?" या 'मग'ला उत्तर नसतं. मी पुष्कळ वेळा मनात देऊन पाहिलं आहे.

काकांचा मुलगा सुनीलदादा मुंबईला नोकरी करतो. त्याने जुनं मातीचं घर उतरवून स्लॅबचं घर बांधलं. आत स्वयंपाकघर झालं, त्यात काळा ओटा, गॅसची शेगडी, भिंतीला वरपर्यंत पांढऱ्या टाइल्स. चूल गेली. सुनंदाकाकी, म्हणजे रघुनाथकाकांची बायको, वाईट नाही, हे मला नीट सांगायला हवं. तिने मायेनेच म्हटलं होतं, "वन्सं, जन्मभर राबलात. आता पडवीत बसा. दोन वेळचं ताट येईल तुमचं."

ताट यायचं. वेळेवर यायचं. गरम असायचं. आत्या जेवायची आणि ताट विसळून परत द्यायची. हे असं एक पावसाळाभर चाललं. दिवाळी झाली, आणि नंतर एका दुपारी ती आत गेली आणि चहा मागितला. त्या दिवशीचा दुपारचा चहा होऊन गेला होता.

"आत्ता तर झाला की, वन्सं," काकी म्हणाली.

बस्स, एवढंच. मी गडग्यापलीकडे लाकडं फोडत होतो म्हणून ऐकलं. आत्या म्हणाली, "बरं." तिच्या तोंडून 'बरं' मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, म्हणून लक्षात राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परसात चिरे ओढत होती. जुन्या घराचे जांभ्याचे चिरे फणसाखाली रचून ठेवलेले होते. एक चिरा उचलायला दोन गडी लागत नाहीत, पण एका बाईलाही तो सहज उचलवत नाही. ती तो उचलत नव्हतीच. आडवा पाडायची, एक कोलांटी द्यायची, दम खायची, पुन्हा एक कोलांटी. अळवाच्या वाफ्यापासून केळीपर्यंतची जागा तिने साफ केली होती.

रघुनाथकाका दात घासत बाहेर आले. "काय करतंस गो?"

"चूल घालतेय."

"घरात गॅस हाय."

"हाय ना. घरात हाय."

काकांनी चूळ भरली. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे वेगळी चूल मांडतंस?"

आमच्याकडे हे साधं वाक्य नाही. वेगळी चूल मांडली म्हणजे घर फुटलं. भाऊ भाऊ वेगळे होतात तेव्हा आधी चूल वेगळी होते, मग गोठा, मग कलमं, मग बोलणं. काकांना वाटलं, बहीण हिस्सा मागते आहे. त्याहून वाईट म्हणजे वाडी म्हणणार, भावाने भणीला घराबाहेर काढलंन.

"रघू," आत्या म्हणाली, "मला तुझी जमीन नको, कलमं नकोत. मला वाटलं तर दुसरा चहा प्यायचा हाय. एवढंच."

"अगो, मग सांगायचंस! दहा चहा पी!"

"सांगायचंच तर नाय ना मला," ती म्हणाली आणि चिऱ्याला कोलांटी दिली.

भिंती घालायला गणपत गवंडी आला. तो नात्यातला, म्हणून तोंडाने सैल. त्याने तीन बाजूंना कमरेएवढ्या भिंती घातल्या आणि विचारलं, "चौथी कधी घालायची?"

"चौथी नको."

"आत्या, असं उघडं स्वयंपाकघर कोण ठेवतं? येणारा जाणारा बघेल."

"बघू दे. मलाबी बघायचं हाय कोण येतंय ते."

मग चुलीवरून वाद झाला. गणपतने जमिनीवर खूण केली, तर आत्याने चार चिऱ्यांचा कट्टा घालायला सांगितला आणि चूल वर कट्ट्यावर पाहिजे म्हणाली, उभ्याने रांधता येईल अशी. गणपत म्हणाला, "चूल जमिनीवर असते, आत्या. गॅस थोडाच हाय तो? चुलीपुढं बाईनं वाकायला लागतं."

"वाकून झालंय माझं," आत्या म्हणाली. "तू घाल."

चूल तिने स्वतः घातली. तांबडी माती, भाताचं तूस, शेण. शेजारी वैल, म्हणजे चुलीच्या उरलेल्या आचेवर भांडं ठेवायची जागा. वर चार खांबांवर जुन्याच घराची कौलं. भांडी धुतलेलं पाणी जायला तिने पाट काढला तो थेट केळीच्या मुळाशी. एका कोपऱ्यात पाटा, एका कोपऱ्यात झावळ्या आणि नारळाची किशी रचून ठेवलेली. आणि भिंतीवर, रस्त्यावरून दिसेल अशी, चहाची किटली.

पहिल्या दिवशी चूल पेटली आणि पहिलीच गडबड झाली. दुपारनंतर आमच्याकडे वारा समुद्राकडून येतो. सगळा धूर उचलला गेला आणि काकीच्या नव्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत शिरला.

"वन्सं! माझ्या टाइल्स!"

"मग?"

"मग काय मग! काळ्या होतील ना!"

"माझीबी बोटं काळी हायत. मेले काय मी?"

हे दोन-चार दिवस असंच चाललं. काकी खिडकी आपटून बंद करायची, आत्या चुलीत ओली किशी घालायची. वाडीला वाटलं, आता मोठं भांडण होणार. एका सकाळी बघतो तर आत्याने चूल फोडली होती आणि तोंड दुसऱ्या दिशेला असलेली नवी घालत होती. काकीला बरं वाटलं. ती वाटीभर दही घेऊन आली आणि म्हणाली, "माझ्यासाठी एवढं केलंत, वन्सं."

"तुझ्यासाठी नाय," आत्या दही घेत म्हणाली. "तू खिडकी बंद करतंस, मग धूर भिंतीला आपटून माझ्याच डोळ्यांत येतो."

खरं काय ते तिलाच माहीत. पण त्या संध्याकाळपासून काकी स्वतःचा दुसरा चहा प्यायला आत्याच्या चुलीवर यायला लागली. ती आली की आत्या विचारायची, "आत्ता तर झाला की?" आणि दोघी हसायच्या.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती सांगतो.

आमच्या गावात शिमग्याला चुलीमागे एक नारळ आणि एक माणूस द्यायचा असतो. नारळ देवाला, आणि माणूस होळीचं झाड आणायला. घर म्हणत नाहीत, चूल म्हणतात. ज्याची चूल, त्याच्या अंगणात पालखी नाचते. वर्षातून एकदा देव स्वतः दारात येतो, मुंबईची माणसं नोकरी सोडून त्या दिवसाला गावी येतात. ज्याच्या दारात पालखी येत नाही त्याचं गावात घर नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

गेल्या वर्षी शिमग्याआधी दत्ताभाऊ नारळ गोळा करायला आला. तो मानकऱ्यांपैकी, देवाचं सगळं तोच बघतो. बरोबर आणखी चारपाच माणसं होती. काकांनी नारळ दिला. परत जाताना दत्ताभाऊला परसात आत्या दिसली, आणि त्याला चेष्टा सुचली.

"काय आत्या, चूल वेगळी मांडलीस म्हणे. मग नारळपण वेगळा लागंल हां!"

सगळे हसले. आत्या हसली नाही. ती झावळ्यांच्या झापाखालून एक नारळ घेऊन आली, सोललेला, शेंडी ठेवलेला, आणि दत्ताभाऊच्या हातात दिला. "घे."

दत्ताभाऊ नारळाकडे बघत राहिला. देवाच्या नावाने मागितलेला नारळ परत करता येत नाही. त्याने तो पिशवीत टाकला. पण गप्प कसा राहणार? म्हणाला, "आणि माणूस?"

"येते की."

"आत्या, माणूस म्हंजे बाप्या माणूस."

"असं कुठं म्हणतात? चुलीमागं एक माणूस म्हणतात. मी काय माणूस नाय?"

होळीच्या दिवशी ती खरंच आली. कास्टा घातलेला, खांद्यावर टॉवेलाची चुंबळ. झाड तोडून खांद्यावर घ्यायला सगळे बाप्ये उभे, आणि शेवटाला, शेंड्याकडे, आत्या. कोण काय बोलणार? माणूस हा शब्द त्यांचाच होता.

अडचण निराळीच झाली. झाड नेताना आमच्याकडे फाका, म्हणजे शिमग्याच्या आरोळ्या, घालतात. त्या फाका काय असतात ते मला इथे लिहिता येणार नाही, अंक मुलीही वाचतात. त्यात सगळा गाव मोकळा होतो. पण त्या दिवशी आत्या मागे होती, आणि तिच्यासमोर तोंड कोण उघडणार? अर्धी वाट सगळे गप्प चालले. नुसता चपलांचा आवाज. एखाद्या मयताला चालल्यासारखं वाटत होतं.

शेवटी मागून आत्याच ओरडली, "अरे, झाड आणताय की चोरी करताय? घाला की फाका! माझ्या कानांना काजूच्या कारखान्याची सवय हाय, तुमच्यानं काय बिघडणार!"

मग जी पहिली फाक घातली गेली, ती मी जन्मात विसरणार नाही. दत्ताभाऊनेच घातली.

म्हणून मला वाटलं होतं, सगळं जमलं. आत्यालाही वाटलं असणार. पालखीच्या दिवशी तिने चुलीसमोरची जागा सारवली, रांगोळी घातली, केळीचे दोन खुंट पुरले. नवी साडी नेसून, ताटात नारळ, तांदूळ आणि निरांजन घेऊन सकाळपासून उभी राहिली. त्या दिवशी तिने स्वयंपाकही केला नव्हता. सारवलेल्या जागी राख उडायला नको म्हणून चूल थंड ठेवली होती.

पालखी काकांच्या अंगणात आली, खूप वेळ नाचली. काका आणि काकी पाया पडले. मग ढोल पुढे निघाले आणि पालखी आमच्या घराकडे वळली. परस मागे राहिलं.

आत्या ताट घेऊन वाटेवर आली. "दत्ता. इकडं राह्यलं."

"आत्या, रघूकडे झाली की तुझी झाली. एकच घर ते."

"नारळ घेतलास तेव्हा दोन चुली होत्या. पालखी आली तशी एकच झाली?"

"आता चूल म्हंजे काय घर असतं का, आत्या!" दत्ताभाऊ म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. मला वाटतं, त्यालाही बरं वाटत नव्हतं. पण पालखी एकदा पुढे निघाली की मागे फिरवत नाहीत.

मी काकांकडे बघत होतो. काका आपल्या अंगणात, हातात उरलेल्या अक्षता घेऊन, खाली बघत उभे होते.

आत्या रडेल असं मला वाटलं. तिने ताट कट्ट्यावर ठेवलं, केळीचे खुंट उपटून बाजूला केले, नव्या साडीचा पदर खोचला आणि चूल पेटवली. चहाचं मोठं पातेलं चढवलं. दमलेले ढोलवाले एकेक करून त्या तीन भिंतींपाशी आले आणि ती त्यांना कप भरभरून देत राहिली. कुणीतरी म्हणालं, "आत्या, वाईट वाटून घेऊ नकोस."

"वाईट कशाला? त्यांना येऊ दे की पुढल्या वर्षी. चूल कुठं चाललेय?"

त्यानंतर माझा बारावीचा निकाल लागला. बाबा मुंबईला असतात, एका गोदामात. त्यांनी माझ्यासाठी तिथंच बोलून ठेवलं होतं. मला कॉलेजला जायचं होतं, पण ते म्हणायला माझी जीभ उचलत नव्हती. आत्याच्या चुलीपाशी तेव्हा संध्याकाळी सगळे जमायचे. तिथं माझा विषय निघाला आणि कुणीतरी म्हणालं, "आपल्यातलं कोण गेलंय कॉलेजात?"

आत्या भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. "मग?"

माझी आई तिथंच बसली होती. तिने दुसऱ्या दिवशी बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, आपल्यातलं कोण गेलंय? आईने म्हटलं, "मग?" आई सांगते, बाबांनाही काही सुचलं नाही.

तेव्हापासून आत्या मला नावाने हाक मारत नाही. "काय रे कॉलेज" म्हणते.

तिला मी शेवटचं पाहिलं ते दिवाळीची सुट्टी संपवून रत्नागिरीला परत येताना. एसटी गाठायची होती म्हणून सकाळी लवकर निघालो. परसातून जाताना पाहिलं तर ती चुलीपुढे उभी राहून कुत्र्याला शिव्या घालत होती. थंडी पडायला लागली होती आणि कुत्रा कट्ट्यावर चढून चुलीच्या उबदार राखेत गुरफटून झोपला होता. "ऊठ मेल्या! मला चहा टाकायचा हाय! तुझ्या बापाची हाय काय चूल?" कुत्र्याने एक डोळा उघडला आणि मिटला. आत्या त्याला हाताने उचलून ठेवू शकली असती. पण ती नुसती शिव्या घालत, किटली हातात धरून, उभी राहिली. मी हात केला. ती म्हणाली, "जा रे कॉलेज, नायतर गाडी चुकंल," आणि पुन्हा कुत्र्याकडे वळली.

इथपर्यंत लिहून मी थांबलो होतो. शेवट सुचत नव्हता. यंदा शिमग्यात माझी परीक्षा आली, गावी जाता आलं नाही. त्या दिवशी पेपर लिहितानाही माझं मन परसातच होतं. मी घरी फोन करत होतो, पण आईचा फोन लागत नव्हता. काल तिचाच आला.

"पालखी गेली काय आत्याकडं?" मी आधी हेच विचारलं.

"सांगते, ऐक. गावकीची बैठक होती ना, तेव्हा रघूभाऊ उठून उभे राह्यले. जन्मात कधी बोलले नाहीत बैठकीत. म्हणाले, माझ्या घरात दोन चुली हायत, दोन मोजा. दत्ताभाऊ म्हणाला, म्हंजे वाटणी झाली? तर म्हणाले, वाटणी नाय, चूल. भणीची हाय. तिच्याकडं पालखी जाणार नसंल तर माझ्याकडं पण नको."

"मग?"

"मग काय, वळली पालखी परसात. ढोल अगदी कट्ट्यापाशी! सगळा गाव जमलेला. आणि आत्या काय करत होती, सांग."

"ताट घेऊन उभी असंल."

"कसलं ताट! गेल्या वर्षी उभी राहून पोट भरलं तिचं. यंदा रांगोळी नाय, नवं लुगडं नाय, काय नाय. चूल पेटलेली, पाठमोरी उभी. दत्ताभाऊ म्हणाला, आत्या, देव आलाय. तर वळून बघितलंन नाय. म्हणाली, जरा थांबा, भात उतू चाललाय."

"मग?" मी विचारलं.

"मग काय," आई म्हणाली. "भात उतरीपर्यंत थांबले सगळे. देव पण."